बीबीचं बेअरिंग बदलण्याआधी त्याची बैठक मोजा

कामशेतची खिंड चढताना तो आवाज पहिल्यांदा आला. पहाटे निगडीहून निघायचं, जुन्या हायवेने लोणावळ्याला जायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं, हा माझा रविवारचा ठरलेला रस्ता. ऑगस्टचे दिवस होते, ट्रकच्या चाकांमागचं चिखलपाणी सगळं अंगावर येत होतं. खिंडीत सॅडलवरून उठले आणि डावं पेडल खाली जाताना पायाखालून ‘कट्’ झालं. पुढच्या फेरीला परत तेच. सपाटीला आवाज थांबला, लोणावळ्याच्या अलीकडच्या चढाला पुन्हा सुरू झाला.

सायकल एका दुकानात दिली. त्यांनी प्रेस-फिट बॉटम ब्रॅकेट (बीबी, म्हणजे दोन्ही पेडलच्या दांड्या जोडणारा ॲक्सल ज्यात फिरतो तो फ्रेमच्या तळाचा बेअरिंगचा संच) बदलून दिली आणि आवाज गेला. पंधरा दिवसांनी त्याच खिंडीत तोच ‘कट्’. पुन्हा नेली, त्यांनी पुन्हा नवी बीबी ठोकून बसवली आणि पुन्हा पैसे घेतले. या वेळी शांतता दहाच दिवस टिकली. तिसऱ्यांदा मी सायकल घरीच ठेवली. भोसरीतल्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं मापन विभागात आहे. बेअरिंग ज्या बोअरमध्ये, म्हणजे गोल भोकात, बसतं तो बोअर गोल आहे की नाही, किती मोठा आहे, हे तपासणं माझं रोजचं काम. माझ्या सायकलचं बेअरिंग दोनदा बदललं गेलं होतं, पण ते बसतं त्या जागेचं माप एकदाही कुणी घेतलं नव्हतं.

इथे मी माझ्या फ्रेमची पद्धत सांगते आहे, म्हणजे बीबी८६. शेलची, म्हणजे बीबी बसते त्या फ्रेमच्या नळीची, रुंदी ८६.५ मिलिमीटर, बोअर ४१, आणि शिमानोचा २४ मिलिमीटर ॲक्सल असलेला क्रँक (पेडलच्या दांड्यांचा संच). तुमची फ्रेम वेगळी असेल तर आकडे बदलतील, विचार हाच राहील.

प्रेस-फिट म्हणजे काय, ते थोडक्यात. आपल्या वडिलांच्या ॲटलस, हिरोच्या सायकलींना बीबीच्या नळीत आटे असायचे. आट्यांचा कप, त्यात सुटे छर्रे, आणि पेडलची दांडी कॉटरने अडकवलेली. कॉटर ढिली झाली की कट्कट् व्हायची, आणि नाक्यावरचा मेकॅनिक दोन मिनिटांत ती ठोकून द्यायचा. रोड बाईकवरही वर्षानुवर्षं आटेच होते: १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, उजव्या बाजूचे उलटे. मग जाड ॲक्सल आणि रुंद कार्बन शेलची हौस आली. कॅननडेलने २००० मध्ये बीबी३० आणलं आणि २००६ मध्ये ते सगळ्यांना वापरायला खुलं केलं. त्यात आटे नाहीत, बेअरिंग थेट बोअरमध्ये दाबून बसतं. त्याच्या मागोमाग पीएफ३०, बीबी८६, ट्रेकचं बीबी९० अशी भावंडं आली. २०१५ मध्ये टी४७ नावाने मोठ्या व्यासाचे आटे परत आले, आणि आता कितीतरी फ्रेम तिकडे वळल्या आहेत. पण आपल्या घरात जी सायकल उभी आहे ती उभी आहे, आणि ती नीट चालली पाहिजे.

आट्यांची पकड आट्यांवर असते. प्रेस-फिटमध्ये पकड असते ती फक्त मापातल्या फरकाची: बेअरिंग धरणारा कप बोअरपेक्षा किंचित मोठा, म्हणून तो घट्ट बसतो. हा फरक केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहून कमी असतो. बोअर थोडा मोठा झाला, अंडाकृती निघाला किंवा दोन्ही बाजूंचे बोअर एका रेषेत नसले, की प्रत्येक पेडलला कप बोअरमध्ये जराजरा सरकतो. आवाज येतो तो या घासण्याचा. बेअरिंग आत मजेत फिरत असतं, ओरडत असतो तो त्याच्या भोवतीचा कप. त्यात कार्बनची फ्रेम म्हणजे पोकळ खोकं, तबल्यासारखी. केसभर हालचालीचा आवाज ती मोठा करून कानापर्यंत पोचवते.

आता पहिली गोष्ट, आणि इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. आवाज खरंच बीबीचा आहे का? तबल्यासारख्या फ्रेममध्ये आवाज कुठूनही निघाला तरी खालूनच आल्यासारखा वाटतो. माझा क्रम असा आहे. आधी पेडल काढा, आटे पुसा, ग्रीस लावा आणि परत घट्ट बसवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवा. मग चेनरिंगचे बोल्ट तपासा. मागचं चाक काढून त्याचा ॲक्सल आणि ड्रॉपआउट (चाक बसतं ती फ्रेमची खाच) पुसून परत लावा, कॅसेटची, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांची, लॉकरिंग घट्ट आहे का बघा, डिरेलर हँगरचे (गिअर बदलणारा डिरेलर लटकतो त्या पट्टीचे) स्क्रू बघा. सीटपोस्ट काढून पुसा; कार्बनचा असेल तर ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावा. सॅडलच्या दांड्यांची पकड बघा. बाटलीच्या पिंजऱ्याचा ढिला स्क्रूसुद्धा थेट पायाखालून आल्यासारखा वाजतो, हे मी एका मैत्रिणीच्या सायकलवर स्वतः ऐकलंय.

मग रस्त्यावर परीक्षा. बसून चालवताना आवाज येतो आणि उभं राहिल्यावर जातो, तर सॅडलकडे बघा. उभं राहूनच येतो तर शंका बीबी, पेडल, हँडल यांच्यावर. पेडल न मारता उतारावर गेलात आणि आवाज चालूच राहिला, तर बीबीचा संबंधच नाही. शेवटची परीक्षा घरात: कुणाला तरी दोन्ही ब्रेक दाबून सायकल धरायला सांगा, क्रँक आडवा ठेवा, पेडलवर हाताने भार द्या-सोडा, आणि दुसऱ्या हाताचा तळवा बीबीच्या शेलवर ठेवा. आवाज तिथलाच असेल तर तळव्याला बारीक टिचकी लागते. माझी मुलगी ब्रेक धरून उभी होती, आणि तिलासुद्धा शेलला हात लावून ती टिचकी जाणवली. डाव्या पेडलला आवाज म्हणजे डाव्या बाजूचाच दोष, असं मात्र धरून चालू नका. चेनचा ताण उजवीकडे असतो आणि भार इकडून तिकडे जातो.

क्रँक काढणं सोपं आहे. शिमानोच्या क्रँकच्या डाव्या दांडीत ५ मिलिमीटर ॲलन कीचे दोन बोल्ट असतात. ते आळीपाळीने, अर्धा अर्धा फेरा देत सैल करा. दोन्हींच्या मध्ये प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते, तिची खुंटी ॲक्सलच्या भोकात अडकलेली असते. ती बारीक स्क्रू ड्रायव्हरने वर उचला. मग टोकाची दातेरी टोपी तिच्या खास चावीने उलटी फिरवून काढा. डावा क्रँक हाताने ओढून निघतो. चेन चेनरिंगवरून उतरवून शेलवर सोडा, आणि ॲक्सल डावीकडून रबरी हातोडीने हलक्या हाताने ठोकत उजवीकडे बाहेर काढा. क्रँक निघाला की लगेच पुढे जाऊ नका. बोट बेअरिंगमध्ये घाला आणि हळू फिरवा. खडखड, वाळू लागल्यासारखं, एका जागी अडखळतंय असं वाटलं तर बेअरिंग गेलं. माझ्या दोन्ही बेअरिंगांत काहीही दोष नव्हता. दहा दिवसांचं नवं बेअरिंग, लोण्यासारखं फिरत होतं. मग बोटाने कपच्या कडेला दाब दिला, तर डावा कप हलला. डोळ्यांना दिसणार नाही इतका, पण बोटाला कळेल इतका.

कप काढायला शिमानोचं टीएल-बीबी१३ हे हत्यार आहे. पार्क टूलचंही मिळतं. एका टोकाला चिरलेली, फुललेली नळी असते. ती आत सारली की फुललेलं टोक कपच्या आतल्या कडेला अडकतं, आणि विरुद्ध बाजूने हातोडीने ठोकलं की कप बाहेर येतो. माझे सासरे जन्मभर फिटर होते. मी पहिला घाव घालायला हात उचलला तेव्हा ते म्हणाले, “अगं, काढताना ठोकलंस तरी चालेल, पण बसवताना हातोडी माळ्यावर ठेव.” हे वाक्य मी या कामापुरतं नियमासारखं पाळते. शिमानोच्या बीबी८६ मध्ये बेअरिंग प्लास्टिकच्या कपात बसलेलं असतं आणि दोन कपांच्या मध्ये प्लास्टिकची नळी असते. ठोकून काढलेला असा कप परत वापरू नका. त्याच्या बेअरिंगवर छर्ऱ्यांतून घाव गेलेला असतो आणि प्लास्टिकची कड दबलेली असते. अख्खा संच बदलायचा.

आता बोअर साफ करा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती फडकं, कोपऱ्यांना कानातल्या काड्या. पेट्रोल आणि थिनर कार्बनच्या आसपासही नको. सँडपेपर तर अजिबात नको. हाताने घासलं की बोअर वाकडातिकडाच मोठा होतो, आणि गेलेलं कार्बन परत येत नाही. आत जुन्या ग्रीसमध्ये काळी किंवा राखाडी पावडर दिसली तर थांबून नीट बघा. ती कप घासल्याची खूण, आणि कुठल्या भागात जास्त आहे त्यावरून हालचाल कुठे होत होती ते कळतं. माझ्या डाव्या बोअरमध्ये ती पावडर पुढच्या आणि मागच्या बाजूला होती, वरखाली जवळजवळ नव्हती. उजवा बोअर स्वच्छ.

मोजमाप. यासाठी मला थोडा वेळ द्या, कारण सगळं इथे आहे. फ्रेम आणि नवा कप रात्रभर एकाच खोलीत ठेवा, म्हणजे दोन्हींचं तापमान एक होईल. घरचं व्हर्नियर असेल तर त्याने कप मोजा, पण बोअरसाठी त्याच्यावर विसंबू नका. आतले जबडे सपाट असतात, गोल भोकात ते खऱ्या व्यासापेक्षा थोडं कमीच दाखवतात. इथे प्रश्न शतांश मिलिमीटरचा आहे. बोअर गेज मिळालं तर उत्तम. नाही तर टेलिस्कोपिक गेज घ्या: ते बोअरमध्ये सोडायचं, हलकेच झुलवून अडकवायचं, बाहेर काढून त्याच्यावर मायक्रोमीटर लावायचा. ओळखीच्या कुणाच्या टूलरूममध्ये ही दोन्ही असतात. एमआयडीसीच्या गावात राहणाऱ्यांना हे अवघड नाही. फ्रेम उचलून घेऊन जा, लोक आनंदाने मोजून देतात.

प्रत्येक बोअरला तीन दिशांनी माप घ्या. घड्याळ डोळ्यासमोर आणा: बारा ते सहा, दोन ते आठ, चार ते दहा. कडेपासून ३ मिलिमीटर आत एकदा आणि ८ मिलिमीटर आत एकदा. म्हणजे एका बाजूचे सहा आकडे. ते लिहून काढा, डोक्यात ठेवू नका. माझे कडेजवळचे आकडे असे आले: उजवीकडे ४०.९७, ४०.९८, ४०.९७. डावीकडे ४०.९८, ४१.०५, ४१.०१. नवा प्लास्टिकचा कप ४१.०६. उजवीकडे कप चांगला नऊ शतांश घट्ट बसणार होता. डावीकडे एका दिशेला घट्ट, आणि दुसऱ्या दिशेला फक्त एक शतांश. तेवढ्या फरकाने प्लास्टिक काही धरून ठेवत नाही. नवा कप बसवला की पहिले काही दिवस त्याच्या कडक कडा धरून ठेवतात. मग प्लास्टिक भाराखाली जरासं सैलावतं, ग्रीस धुऊन जातं, आणि कामशेतची खिंड आली की ‘कट्’. पंधरा दिवस, दहा दिवस, हे कोडं त्या सहा आकड्यांत सुटलं.

दोन्ही बोअर एका रेषेत आहेत का, हे घरी मोजता येत नाही, पण ओळखता येतं. नवे कप बसवल्यावर दोन्ही बेअरिंग बोटाने सुटी सुटी फिरवा, लोण्यासारखी फिरतात. मग ॲक्सल घाला. ॲक्सल घालायला जोर लागला, आणि घातल्यावर क्रँक जड फिरायला लागला, तर बोअर रेषेत नाहीत. अशी बेअरिंग बाजूच्या भाराखाली लवकर मरतात.

आकड्यांवरून निर्णय असा घ्यायचा. दोन्ही बोअर गोल असतील आणि कप सगळ्या दिशांनी किमान पाचसात शतांश मोठा असेल, तर साधा प्लास्टिक कपाचा शिमानो संच घ्या, ग्रीस लावून नीट दाबा आणि निश्चिंत व्हा. बहुतेकांचं काम इथेच संपतं, आणि त्यांची आधीची करकर वाकड्या बसवलेल्या कपाची किंवा धुऊन गेलेल्या ग्रीसची असते. पाचसात शतांश हा आकडा कुठल्या पत्रकातला नाही, माझ्या हाताचा अंदाज आहे. बोअर अंडाकृती किंवा मोठा असेल, तर दोन्ही अर्धे आतून एकमेकांत आटे देऊन जोडले जातात अशी ॲल्युमिनियमची बीबी घ्या. व्हील्स मॅन्युफॅक्चरिंग बनवतं, टोकनही बनवतं. डावा आणि उजवा कप शेलच्या आत एकमेकांत पिळले जातात आणि शेलला दोन्ही कडांनी चिमटीत धरतात. बोअरच्या घट्टपणावर सगळा भार राहत नाही, आणि दोन्ही बेअरिंग एकाच नळीत असल्यामुळे रेषाही सुधारते. मी हीच घेतली. बोअर फारच मोठा निघाला आणि फ्रेम वॉरंटीत असेल, तर आकड्यांचा कागद आणि फोटो घेऊन विक्रेत्याकडे जा. ‘आवाज येतो’ असं सांगणं वेगळं आणि ‘डावा बोअर सात शतांश अंडाकृती आहे’ असं सांगणं वेगळं.

चिकटवायचं की ग्रीस, यावर फार वाद होतात. धातूचं बेअरिंग धातूच्या बोअरमध्ये बसत असेल, उदाहरणार्थ ॲल्युमिनियम फ्रेमचं बीबी३०, तर लॉक्टाइट ६०९ सारखं रिटेनिंग कंपाउंड चांगलं. ते हवा नसलेल्या जागेत, धातूच्या सान्निध्यात घट्ट होतं. चोवीस तास सायकलला हात लावू नका. प्लास्टिकच्या कपाला हे लावू नका. प्लास्टिकला तडे जाऊ शकतात, आणि प्लास्टिक व कार्बन यांच्यामध्ये धातू नसल्यामुळे ते नीट घट्टही होत नाही. तिथे ग्रीस. कार्बनच्या बोअरमध्ये ॲल्युमिनियमचा कप बसवतानाही मी ग्रीसच लावलं, कारण बनवणाऱ्याच्या पत्रकात तेच सांगितलं होतं. शिवाय कार्बन, ॲल्युमिनियम आणि घामाचं खारट पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम कुजायला लागतं. ग्रीसचा थर मध्ये राहिलेला बरा.

आता दाबण्याचं हत्यार. शिमानोचं टीएल-बीबी१२ मिळतं, पण मी घरचं बनवलं, आणि तेच मला जास्त आवडतं. पुण्यात बोहरी आळीत जाऊन १२ मिलिमीटरचा आटेवाला रॉड, तीनशे मिलिमीटर लांब, दोन नट, चार जाड वायसर एवढं घेतलं. ओळखीच्या टर्नरकडून नायलॉनचे दोन तुकडे लेथवर काढून घेतले. प्रत्येकाला मध्ये १२.५ चं भोक. एका बाजूला २३.९ व्यासाचं नाक, जे बेअरिंगच्या भोकात अलगद बसतं. दुसऱ्या बाजूला ४०.९ व्यासाचं नाक, जे रिकाम्या बोअरमध्ये बसून रॉड मध्यावर ठेवतं. लहान नाकाभोवती ३६ व्यासापर्यंत २ मिलिमीटर खोल खाच. ही खाच विसरू नका. तिच्यामुळे दाब फक्त कपच्या बाहेरच्या कडेवर येतो, बेअरिंगच्या आतल्या कड्याला नायलॉन शिवतही नाही. आतल्या कड्यावर दाबलं तर सगळा जोर छर्ऱ्यांतून जातो, आणि छर्रे धावपट्टीत खळगे पाडतात. असं बेअरिंग पहिल्या दिवसापासून खडबडत फिरतं.

दोन्ही कप एकदम दाबू नका, एका वेळी एक. बोअरमध्ये ग्रीसचा पातळ थर बोटाने फिरवून घ्या. नवा कप हाताने कडेवर ठेवा. कपांवर उजवा-डावा लिहिलेलं असेल, तर ते बघा. कपाच्या बाजूला नायलॉनचं लहान नाक, समोरच्या रिकाम्या बोअरमध्ये मोठं नाक, मधून रॉड, वायसर, नट. हाताने नट घट्ट होईपर्यंत फिरवा आणि थांबा. डोळा शेलच्या पातळीला आणा. कपची कड आणि शेलची कड यांच्यातली फट वर, खाली, पुढे, मागे सारखी दिसली पाहिजे. नसेल तर सोडा आणि परत ठेवा. सुरुवातीला दिलेली दोन मिनिटं पुढची दोन वर्षं वाचवतात.

मग १९ चा पाना. १२ मिलिमीटरच्या रॉडला एका पूर्ण फेरीत नट पावणेदोन मिलिमीटर पुढे जातो, त्यामुळे कप किती आत गेला ते फेऱ्या मोजून कळतं. मी पाव फेरी देते, थांबते, फट बघते. पाना हाताला जे सांगतो ते ऐका. जोर हळूहळू, सारखा वाढत गेला पाहिजे. अचानक कडक झालं, किंवा ‘टक्’ होऊन एकदम सैल झालं, तर कप तिरका चाललाय. पुढे ओढू नका. उलटा फिरवा, काढा, पुन्हा सुरू करा. कड शेलला टेकली की पान्याला ते स्पष्ट कळतं, जणू भिंत लागली. तिथे थांबा. मग ०.०५ ची फिलर पट्टी कडेखाली चार ठिकाणी घालून बघा. कुठेही आत जाता कामा नये. पट्टी नसेल तर वर्तमानपत्राची चिंधोटी चालते, थोडी जाड आहे एवढंच. पहिला कप बसला की दुसरीकडे तेच, फक्त आता दोन्ही बाजूंना लहान नाक. मधली प्लास्टिकची नळी विसरू नका. ती बेअरिंगच्या आतल्या बाजूला पाणी पोचू देत नाही.

आट्यांच्या जोडबीबीला दाबणं आणि पिळणं दोन्ही आहे. एक अर्धा दाबून बसवा, दुसरा आतून त्यात पिळत आणा, आणि शेवटचा टॉर्क पत्रकात दिलाय तेवढाच टॉर्क पान्याने द्या. इथे अंदाज नको.

क्रँक परत बसवताना ॲक्सल पुसून पातळ ग्रीस लावा आणि उजवीकडून आत सारा. शेवटचं थोडं रबरी हातोडीने हलकेच. डावा क्रँक बसवा. टोकाची टोपी ०.७ ते १.५ न्यूटन मीटर, म्हणजे दोन बोटांनी फिरवून लागेल तेवढीच. तिचं काम फक्त ढिलाई काढणं आहे, आवळणं नाही. इथे जोर लावला की बेअरिंग बाजूने चेपलं जातं आणि क्रँक जड फिरतो. प्लास्टिकची पट्टी खाली बसवा, खुंटी भोकात गेली का बघा. मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने, १२ ते १४ न्यूटन मीटर. एक घट्ट केला की दुसरा थोडा सैल होतो, म्हणून तीनचार वेळा इकडून तिकडे जा. शेवटी क्रँक धरून आडवा हलवा, ढिलाई नको. चेन न लावता फिरवा. आपल्या वजनाने तो थोडा झुलून थांबला पाहिजे.

बीबी३० वाल्यांसाठी दोन ओळी. तिथे कप नाही, ६८०६ नंबरचं बेअरिंग ३० बाय ४२ बाय ७, थेट ४२ च्या बोअरमध्ये, आत सर्कलिपला (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीला) टेकून. सर्कलिप चांगली असेल तर काढू नका. जुनं बेअरिंग आतून ड्रिफ्टने (ठोकायच्या दांडक्याने) ठोकताना एका जागी न ठोकता गोल गोल फिरत ठोका, नाही तर ते तिरकं होऊन बोअर ओरबाडतं.

आमच्याकडच्या पावसाबद्दल बोलायलाच हवं. पेडल मिनिटाला नव्वद फेऱ्या मारतं. बेअरिंगच्या दृष्टीने हा वेग काहीच नाही. इतक्या हळू फिरणारं बेअरिंग फिरून झिजत नाही, आत गेलेल्या पाण्याने मरतं. म्हणून मी नवं बेअरिंग बसवण्याआधी बाहेरचं रबरी सील बारीक सुईने कडेवरून अलगद उचलते आणि आत पाण्याला टिकणारं ग्रीस जवळजवळ भरून टाकते. वेगाने फिरणाऱ्या मोटरच्या बेअरिंगला इतकं भरलं तर ते तापेल. इथे तो प्रश्न नाही, पाण्याला जागा उरत नाही एवढंच. सुई सीलच्या बाहेरच्या कडेला लावा, आतल्या ओठाला नको, तो फाटला की सील गेलं. सायकल धुताना सर्व्हिस स्टेशनवरचा पाण्याचा जेट बीबीवर कधीही मारू नका. बादली, मग आणि फडकं.

अशी माझी जोडबीबी बसली. त्या पावसाळ्यात दर रविवारी खिंड चढले, आणि खालून फक्त चेनचा आवाज. मे महिन्यात क्रँक काढून बघितला तेव्हा डाव्या बोअरच्या कडेला ग्रीस होतं तसंच स्वच्छ होतं, राखाडी पावडरचा मागमूस नाही.

आणि एक, जे मला उशिरा कळलं. पाणी बीबीत फक्त क्रँककडून येत नाही. सीटपोस्टच्या फटीतून आणि फ्रेमच्या भोकांतून आत जातं, सीट ट्यूबमधून उतरतं आणि शेलच्या तळाशी साठतं. बऱ्याच फ्रेमना शेलच्या खाली निचऱ्याचं बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलेलं नाही ना, हे दर पावसाळी राइडनंतर आगपेटीच्या काडीने बघा. नसेलच भोक, तर सीटपोस्टवर त्याच्या उंचीची टेपने खूण करून तो काढा, सायकल उलटी करा आणि अर्धा तास तशीच ठेवा. पहिल्या वेळी माझ्या फ्रेममधून ओट्यावर अर्धा कप पाणी आलं होतं.